देवीडॉक्टरची पोरगी

मी डॉक्टर नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. जाफराबादच्या पंचक्रोशीत सगळे मला डॉक्टर म्हणत आणि मी एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही, ही गोष्ट वेगळी. निजाम सरकारच्या खात्यात मी देवी टोचणारा होतो. औरंगाबादला तीन महिने जे शिक्षण झालं ते एवढंच: काचेची नळी फोडायची, लसीचा थेंब दंडावर ठेवायचा, त्यातून टोचणी फिरवायची आणि लाथ बसायच्या आत बाजूला व्हायचं. यातला शेवटचा भाग त्यांनी शिकवला नव्हता, तो मी माझ्या पदरचा जोडला.

खात्यानं मला एक पेटी, एक पितळी बिल्ला आणि एक तट्टू दिलं. लोकांनी पदवी दिली. मुलगी मात्र कुणी दिली नाही. देवी म्हणजे साक्षात माय, ती अंगावर येते आणि तिच्या मर्जीनं जाते. तिच्या वाटेत टोचणी घेऊन उभ्या राहणाऱ्याच्या घरी लेक नांदवायला कुणाची छाती होणार? एका बापानं निरोप धाडला, मुलगा चांगला आहे, नोकरी सोडली तर विचार करू. बायकोसाठी सरकारी नोकरी सोडावी इतकी घाई मला नव्हती. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत मी एकटा राहत होतो, एका भांड्यात खिचडी करून त्याच भांड्यात खात होतो, आणि खरं सांगायचं तर मजेत होतो.

या मजेत एक पोर येऊन पडली ती पौष महिन्यात. पूर्णेच्या काठी मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा एक वाडा उतरला होता. वाडा म्हणजे चार-पाच बिऱ्हाडं, कुत्री, कोकरं आणि कापडी पालं. त्या वाड्यात देवी शिरली. एक बाई गेली आणि तिची पाच-सहा वर्षांची पोरगी तेवढी वाचली. बाप दोन वर्षांपूर्वीच साप चावून गेलेला. गावकऱ्यांनी वाड्याला हलायला सांगितलं, तेव्हा पोरीचा चुलता तिला घोंगडीत गुंडाळून दवाखान्यात घेऊन आला.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, घोंगडीचं टोक छडीनं वर केलं, आत पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "देवीचं खातं तुझं. तू घेऊन जा."

मला वाटलं थट्टा आहे. पण ते तोवर पुढच्या रोग्याकडे गेलेही होते.

"साब, ही उठून बसली की मी आलोच," चुलता म्हणाला. "मेंढरं थांबत न्हाईत अन् गाव आमाला बसू देऊन न्हाई राह्यलं. दोन महिने सांभाळा."

दोन महिन्यांचं बोलणं होतं. मी भिंतीवर कोळशानं रेघा मारायला सुरुवात केली, कैद्यानं माराव्यात तशा. फाल्गुनात एका सरकीच्या गाडीवाल्याबरोबर चुलत्याचा निरोप आला: यंदा चारा वऱ्हाडात हाय, आमी तिकडं चाललो, दिवाळीनंतर येतो. चारा वऱ्हाडात आणि पोर माझ्या घरात. मी रेघा पुसून टाकल्या.

पोरगी उठून बसली ती थेट मला शिकवायलाच. चेहरा देवीच्या व्रणांनी भरून गेला होता, पण जीभ शाबूत होती. माझी भाकरी बघून म्हणाली, "हे काय करून राह्यलास?" ती मला 'डाक्टर' म्हणे आणि अरे-तुरे करी. तिच्या जगात 'तुम्ही' हा शब्द फक्त ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची त्या पाटलासाठी होता, आणि माझं शेत नव्हतं. घरात झोपायला ती तयार नसे. भिंती अंगावर येतात म्हणायची. ती घोंगडी उचलून तट्टाशेजारी जाऊन झोपे. ते तट्टू मला, शिपायाला आणि एकदा खऱ्या डॉक्टरांनाही लाथ मारून चुकलेलं, पण तिच्या उशाशी गाईसारखं उभं राही. मग मीही माझं अंथरूण पडवीत आणलं, पोरीच्या काळजीनं नव्हे, सरकारी जनावराच्या काळजीनं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे.

वेणी घालणं हा आणखी एक छळ होता. दंडावर चार सारख्या रेघा मारणारा माझा हात, पण तीन पेड हातात आले की एक कुठं जाई कळत नसे. उवा झाल्या तेव्हा रॉकेल लावावं की कडुनिंब यावर मी खऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "तुझ्या खात्याची पोर आहे, तू बघ." शेवटी मी तिचे केस कातरून टाकले आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. त्या दोन दिवसांत घर किती रिकामं वाटतं ते मला पहिल्यांदा कळलं, आणि त्याचा मला रागच आला.

उन्हाळा-पावसाळा निभला. माझं खरं काम हिवाळ्यात. उन्हात लस नासते, म्हणून दिवाळीनंतरचे चार महिने गावोगाव हिंडायचं, बाकीचे महिने दवाखान्यात बसून फॉर्म भरायचे. ती आली त्या साली लस लवकर संपली, म्हणून उरलेला दौरा सुटला होता. हंगाम तोंडावर आला आणि प्रश्न उभा राहिला: पोरीला ठेवायचं कुणाकडे?

मी अख्खी गल्ली पालथी घातली. शेजारीण म्हणाली, आमच्यानं न्हाई व्हायचं बाप्पा, देवीनं हात लावलेली पोर, चुकून रागं भरलं तर? समोरची म्हणाली, तिच्या पाया पडते, पण सांभाळायचं सांगू नका. आणि खरोखर पडलीही. पाया पडायला सगळी गल्ली तयार, दोन वेळा भाकर घालायला कुणी नाही. भक्तीचं हे गणित मला तेव्हाच नीट समजायला हवं होतं. चुलत्याची दिवाळी आली आणि गेली, तो काही आला नाही. निरोप आला की चारा अजून वऱ्हाडातच आहे. मग तिला तट्टावर पुढं बसवलं, पेटी मागं बांधली आणि आम्ही दौऱ्यावर निघालो.

देवी टोचणारा गावात शिरला की गावातली पोरं कुठं जातात हा एक मोठाच शोध आहे. रिकाम्या कणगीत, गंजीच्या मागं, एकदा तर देवळाच्या गाभाऱ्यात पुजाऱ्यासकट. सरकार पोरं मोजून पुलाच्या पायात गाडणार आहे, अशी एक बातमी त्या साली जोरात होती. पाटील आणि पटवारी माझ्याबरोबर हिंडत, मोठ्यानं हाका मारत, आणि स्वतःची पोरं आधीच मामाच्या गावाला पाठवून आलेले असत.

तिसऱ्या की चौथ्या गावात माझं डोकं फिरलं. सकाळपासून एक दंड मिळाला नव्हता. चावडीवर बायका लांब उभ्या राहून माझी मजा बघत होत्या. मी पोरीला उचललं, चावडीच्या ओट्यावर बसवलं, हनुवटी धरून तिचं तोंड लोकांकडे केलं आणि ओरडलो, "हे बघा. टोचलं नाही तर असं होतं. बघून घ्या."

माझा अंदाज असा की बायका घाबरतील. बायका पुढं आल्या खऱ्या. पहिल्या म्हातारीनं डोक्यावरून पदर घेतला, पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं, मांडीवर नारळ ठेवला आणि ओट्याला डोकं टेकलं. "माय स्वतः आली गावात," ती म्हणाली. तिच्यामागं दुसरी आली, मग तिसरी, मग रांगच लागली. मी औरंगाबादला शिकलेलं सगळं शास्त्र माझ्या डोळ्यांदेखत हळदीकुंकवात बुडत होतं.

आधी मी संतापलो. मग माझ्या लक्षात आलं की रांगेतल्या प्रत्येक बाईच्या कडेवर एक पोर आहे. कणगीतली, गंजीमागची, सगळी. मी पोरीच्या कानाशी लागलो आणि म्हणालो, "सांग, दंड पुढं करा."

"दंड पुढं करा," पोरगी म्हणाली.

त्यांनी दंड पुढं केले.

त्या दिवशी माझ्या नळ्या संपल्या. परतताना मी तट्टावर गाणं म्हणत होतो. पोरगी डोक्यावरून फडकं ओढून बसली होती, दमली असेल असं मला वाटलं. त्यानंतर प्रत्येक गावात आमचा हाच बेत असे. मी आधी चावडी झाडून घ्यायचो, पोरीला उंचावर बसवायचो, तोंड उजेडाकडे करायचो. तिला शिकवलं की हलायचं नाही, हसायचं नाही, मी खूण केली की सांगायचं. नारळ इतके जमले की आम्ही खोबरं खाऊन कंटाळलो, तट्टूसुद्धा मान फिरवायला लागलं. पंचक्रोशीतले लोक म्हणत, देवीडॉक्टर देवीला घेऊनच फिरतो, मंग कसला कोप अन् कसलं काय. दोन स्थळंसुद्धा सांगून आली. मी ती नाकारली, कारण घरात आता वेळ कुणाला होता?

दुसऱ्या हंगामात औरंगाबादहून मोहतमीम साहेब तपासणीला आले. हे आमच्या खात्याचे मोठे साहेब, शेरवानीला डाग पडू नये म्हणून खुर्चीवर रुमाल टाकून बसणारे. त्यांनी बघितलं ते असं: ओट्यावर झेंडूची माळ घातलेली पोरगी, समोर उदबत्ती, आणि बाजूला त्यांचा सरकारी नोकर टोचणी घेऊन.

"ये क्या तमाशा है?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला गेलो, तर त्यांनी हात वर केला आणि तिथल्या तिथं लेखी हुकूम काढला: सरकारी कामाच्या जागी मूल आणण्यास सक्त मनाई. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी साहेब स्वतः बरोबर आले, पोरगी शिपायापाशी मुक्कामाला राहिली. त्या गावात एकही दार उघडलं नाही. एका घरातून आमच्यावर कुत्रं सोडलं गेलं आणि साहेबांची शेरवानी मागून फाटली. संध्याकाळी चहा घेताना साहेब माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीला म्हणाले, "बच्ची की तबीयत ठीक है ना? कल ले आइए." लेखी हुकूम मात्र त्यांनी परत घेतला नाही. तो मी पेटीत तळाशी ठेवला.

नोकरी आणि पोर, दोन्ही एका हातानं सांभाळता येतात हे मी जगाला दाखवून दिलं होतं, असं मला वाटे. जेवताना ती माझ्या ताटातली चटणी स्वतःच्या ताटात ओढे, मी ओरडे, मग मी चटणी जास्तच करू लागलो. तिला मी मोडीतली पाच-सहा अक्षरं शिकवली, तिनं मला मेंढराला शीळ कशी घालायची ते शिकवलं. माझी शीळ ऐकून तट्टू सोडून कुणी आलं नाही. तिच्या चुलत्याचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. दोन महिन्यांची तीन वर्षं झाली होती आणि ती परत द्यायची नाही, हे माझं मनाशी ठरून गेलं होतं. तो येऊच नये म्हणून मी वऱ्हाडात उदंड पाऊस पडावा अशी प्रार्थना करत असे. कुठल्या देवाची ते सांगत नाही, त्यांच्याशी माझे धंद्याचे वाद होते.

तो तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर आला. दारात काठी टेकवून उभा राहिला, आत यायला तयार नाही, पायाला चिखल हाय म्हणाला. पोरीनं त्याला ओळखलं की नाही कळलं नाही. ती तट्टाच्या मागं जाऊन उभी राहिली. मी त्याच्यापुढं पाणी ठेवलं आणि तयार करून ठेवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं: तिला अक्षरं येतात, इथं दवाखाना आहे, तिच्या अंगावर नीट कपडा आहे, तुमच्याकडे उन्हातान्हात काय आहे, आणि मोठी झाल्यावर तिचं कसं व्हायचं. कायद्याचंही काहीतरी बोललो. मला कायदा येत नव्हता, पण त्यालाही येत नव्हता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बराबर हाय साब. पोरीला इचारा."

मला हायसं वाटलं. हा डाव मी जिंकलेलाच होता. मी हाक मारली, ती पुढं आली.

"काय गं," मी म्हणालो, "काकाबरोबर जायचं का तुला?"

"जायाचं," ती म्हणाली.

मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला. तिनं पुन्हा तेच सांगितलं. माझा आवाज चढला. वेणी, भाकरी, चटणी, पडवीतल्या तीन वर्षांच्या थंडीतली झोप, सगळं मी तिच्यापुढं मांडलं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीशी मी हिशेब करत होतो आणि चुलता खाली मान घालून ऐकत होता.

"काय कमी केलं मी?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तिकडं माझं तोंड कुणी बघत न्हाई."

वाटेत तट्टावर ती फडकं डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढून घ्यायची. ऊन लागतं म्हणून, असं मी समजत होतो. हिवाळ्यातलं ऊन. गाव जवळ आलं की मीच ते फडकं काढायचो.

"आता नाही बसवणार चावडीवर," मी म्हणालो. "तू मागं तट्टापाशी थांब."

"तू न्हाई बसवलं तरी बाया येत्यात. मंग तू म्हंतो, थोडं थांब, दोन पोरं राह्यलीत."

हे मी म्हणत असे. अगदी याच शब्दांत, रोज.

"मग मी नोकरीच सोडतो."

मी वेडा असल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग पोरांला कोण टोचंल?" ती म्हणाली. "तू टोच. मला नको नेऊ."

चार महिने तिला घरात एकटी ठेवायची सोय नव्हती आणि गल्लीत कुणाकडे ठेवायची सोय त्याहून नव्हती. यावर तोडगा एकच होता आणि तो दारात काठी घेऊन उभा होता. तिचं गाठोडं बांधायला मला वेळ लागला, कारण बांधण्यासारखं फार नव्हतं आणि मी ते पुन्हा पुन्हा सोडत होतो.

मी त्यांना पोचवायला पूर्णेकाठी उतरलेल्या वाड्यापर्यंत गेलो. पेटी बरोबर घेतली. कशासाठी, विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पालांपुढं सात-आठ पोरं खेळत होती, एकाच्याही दंडावर खूण नव्हती. आमचं रजिस्टर गाववार असे, आणि ज्याला गाव नाही तो रजिस्टरात नाही. अशा वाड्यांवरून मी नोकरीभर सरळ पुढं जात आलो होतो.

"त्या साली बी, वाड्यात देवी शिरायच्या आधी, तुमी या बांधावरनं गेल्ते," चुलता म्हणाला. "मी हिला अन् आमच्या पोरांला धरून उभा राह्यल्तो. तुमचं तट्टू थांबलं न्हाई." हे त्यानं तक्रार म्हणून नाही सांगितलं, पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं.

मी खाली बसलो आणि पेटी उघडली. त्या दिवशी मी अगदी साधा देवी टोचणारा होतो. पोरं किंचाळली, एकानं मनगटाला चावा घेतला, एका आईनं मला पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिव्या दिल्या. एका नळीला तासभर लागला. पोरगी दूर कोकरांत होती, आमच्याकडे पाठ करून. मी तिला हाक मारली नाही. रजिस्टरात गावाच्या रकान्यात सगळ्यांपुढं जाफराबाद लिहिलं.

टोचल्यावर आठव्या दिवशी फोड धरला की नाही हे बघावं लागतं, असा नियम आहे. तोवर वाडा भोकरदनच्या अंगाला सरकला होता. तेवढ्यासाठी इतकी रपेट कुणी करत नाही, रजिस्टरात 'पाहिले' असं लिहून मोकळे होतात. मीही पूर्वी तेच करत असे. या वेळी तट्टू घेऊन शोधत गेलो. वाडा एका कापलेल्या ज्वारीच्या शेतात उतरलेला होता. ती मेंढरांच्या मध्ये उभी होती, डोक्यावर फडकं नव्हतं, ऊन सरळ तोंडावर, आणि आजूबाजूला बायका-माणसं आपापल्या कामात होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिनं मला लांबूनच ओळखलं आणि हात वर केला. मला तिच्याकडे डोळे भरून बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. मी हात वर केला, खाली बसलो आणि पोरांचे दंड बघायला लागलो.